दुकानातील जुना कॉम्प्युटर आणि ई-मेल : बसवावे कसे, जपावे काय?

व्यापार पत्रावर चालतो, ही गोष्ट नवी नाही. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीहून माल सुटला की पाठोपाठ टपालाने बिल येई, बिल्टी येई आणि दुकानदार ते कागद तारेला ओवून गल्ल्याशेजारी लटकावून ठेवी. मार्चअखेर हिशेब लावावयाचा असो की एखाद्या ताक्यात डाग निघाल्याची तक्रार करावयाची असो, तार उतरविली की कागद हाती येई. आता बिले, दरपत्रके, बँकेचे उतारे आणि सरकारी नोटिसा ई-मेलने येतात. मात्र त्या जुन्या तारेची जागा घेणारी वस्तू आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानात अजून आलेली नाही.

आमच्या आष्टीसारख्या तालुक्याच्या गावात बहुतेक दुकानांत एक जुना कॉम्प्युटर असतोच. मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला असतो, किंवा हिशेबासाठी घेऊन पुढे कोपऱ्यात सारलेला असतो. त्याच यंत्रावर ई-मेलचा प्रोग्राम बसवून धंद्याचा पत्रव्यवहार आपल्या ताब्यात कसा ठेवता येईल, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. कापडाच्या दुकानदाराला जे लागू, तेच शिंपीकाम, रजई-गादी, फॅब्रिकेशन किंवा फर्निचरचे काम करणाऱ्या कारागीर बंधूंनाही लागू आहे.

ई-मेल कोणाच्या हातात आहे?

प्रोग्राम बसविण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या दुकानाचा ई-मेल पत्ता कोणी तयार केला आणि त्याचा पासवर्ड कोणाजवळ आहे?

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा नोंदणीसाठी ई-मेल आणि मोबाईल नंबर लागत होता. अनेकांनी फॉर्म भरणाऱ्यालाच सांगितले, ‘तुम्हीच काय ते टाका.’ त्याने एक पत्ता तयार केला, आपलाच मोबाईल नंबर दिला आणि काम झाले. यात त्याची नियत वाईट असते असे नाही. त्याला शंभर ग्राहक सांभाळायचे असतात, एवढेच. परंतु तो गाव सोडून गेला, त्याने नंबर बदलला किंवा आपण दुसऱ्याकडे काम दिले, तर पत्त्याची किल्ली त्याच्याबरोबर जाते.

याचे गांभीर्य कायद्यात आहे. केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांत नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठविणे ही एक रीत आहे. म्हणजे शिपाई दारात आला नाही, रजिस्टर पत्र आले नाही, तरी नोटीस बजावलेली धरली जाऊ शकते. नोंदणी रद्द का करू नये, अशी विचारणा करणारी जी नोटीस असते, तिला उत्तर देण्यासाठी सात कामाचे दिवस मिळतात. सात दिवसांत उत्तर गेले नाही आणि नोंदणी रद्द झाली, तर आपण कराचे बिल फाडू शकत नाही, आणि बिलाशिवाय ठोक व्यापारी माल घेत नाही. पुढे नोंदणी परत मिळविता येते, पण त्यासाठी राहिलेली विवरणपत्रे, दंड आणि हेलपाटे हे सर्व आलेच.

आणखी एक धोका आहे. दोन वर्षे कोणीही न उघडलेली वैयक्तिक खाती बंद करून पुसून टाकण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. फॉर्म भरण्यापुरता तयार केलेला आणि नंतर कोणी न पाहिलेला पत्ता आज अस्तित्वात असेलच, याची खात्री नाही.

म्हणून पहिले काम हे, की जीएसटीच्या पोर्टलवर आपल्या नोंदणीत कोणता ई-मेल आणि कोणता मोबाईल आहे ते पाहावे. दुसऱ्याचा असेल तर ‘नॉन-कोअर फील्ड्स’ची दुरुस्ती या सोयीतून, अधिकृत सही करणाऱ्याच्या माहितीत, आपला पत्ता आणि आपला नंबर घालावा. नव्या पत्त्यावर आणि नव्या नंबरवर ओटीपी येतो, तो भरला की बदल होतो. १ जुलै २०२० पासून सुरू असलेल्या उद्यम नोंदणीतही हीच तपासणी करावी. बँकेतही करावी.

मोबाईल असताना कॉम्प्युटर कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. मोबाईलवर मेल दिसतो, आणि दलालाचा निरोप तर व्हॉट्सॲपवरच येतो. पण मोबाईल हरवतो, पाण्यात पडतो, मुलांच्या हातात जातो. तीन वर्षांपूर्वीचे बिल शोधावयाचे असेल, दहा बिले एकत्र छापावयाची असतील किंवा दरपत्रक समोर ठेवून लांब पत्र लिहावयाचे असेल, तर मोठा पडदा आणि कळफलक हवा. मुख्य म्हणजे कॉम्प्युटरवरील प्रोग्राम मेल आपल्या यंत्रात उतरवून ठेवतो. इंटरनेट नसले तरी जुनी पत्रे वाचता येतात. नवे पत्र लिहून ‘आउटबॉक्स’मध्ये ठेवता येते, ते जोडणी आल्यावर जाते.

ही रीत जुनीच आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून जोडणी होई आणि वेळेप्रमाणे पैसे पडत. म्हणून लोक झटकन जोडणी करून पत्रे खाली उतरवीत, तार तोडीत आणि मग निवांत वाचीत. पुढे ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले आणि कोणत्याही कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडून मेल वाचण्याची सवय जगाला लागली. ती सोयीची आहे, परंतु तिच्यात नक्कल आपल्याजवळ राहत नाही.

आधी यंत्र तपासावे

जुन्या यंत्रावर एकदम प्रोग्राम टाकू नये. चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट घड्याळ. कॉम्प्युटर सुरू केल्यावर तारीख पाहावी. ती १० किंवा १५ वर्षे मागची दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ या नंबरचा असतो आणि घड्याळवाल्याकडेही मिळतो. ही बाब किरकोळ वाटते, पण मेल न चालण्याचे हे एक मोठे कारण आहे. मेलचा सर्व्हर आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. यंत्राची तारीख चुकली की ते प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे आहे असे यंत्राला वाटते आणि जोडणी होत नाही. सेल बदलून तारीख नीट केली की अडचण संपते.

दुसरी गोष्ट विंडोजची आवृत्ती. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० वापरणाऱ्या ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नाव नोंदविले, त्यांना सुरक्षेची दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. आधार बंद म्हणजे यंत्र बंद पडते असे नाही. नवी भगदाडे सापडली तर ती बुजवायला कोणी येत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

तिसरी गोष्ट मेमरी आणि डिस्क. रॅम २ जीबीपेक्षा कमी असेल तर त्या यंत्राचा नाद सोडावा. ४ जीबी असेल तर काम चांगले भागते. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसविली तर जुने यंत्र ओळखू येत नाही इतके चपळ होते. नवा कॉम्प्युटर घेण्याआधी हा उपाय जरूर करून पाहावा.

चौथी गोष्ट, त्या यंत्रावर आधीपासून काय आहे? टॅलीचा हिशेब त्यातच असेल, तर काहीही करण्यापूर्वी त्याची नक्कल बाहेर काढून ठेवावी.

कोणता प्रोग्राम घ्यावा?

एक्सपीच्या काळात आउटलुक एक्स्प्रेस सर्वत्र चाले आणि पुष्कळांना आजही तोच आठवतो. आता त्याचा उपयोग नाही. सर्व्हरने कुलपे बदलली आणि त्या प्रोग्रामकडे नवी किल्ली नाही. विंडोज १० सोबत येणारा साधा ‘मेल’ हा प्रोग्रामही मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस बंद केला.

आमच्या मते लहान दुकानासाठी थंडरबर्ड हा प्रोग्राम बरा. तो मोझिला या संस्थेच्या घरातला आहे, विनामूल्य आहे आणि लोकांच्या देणगीवर चालतो. त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली होती, म्हणजे दोन दशके तो टिकून आहे. मात्र कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती चालते हे पाहावे. एक्सपी आणि व्हिस्टासाठी ५२ ही शेवटची होती. विंडोज ७ आणि ८ साठी ११५ ही शेवटची, जी २०२३ मध्ये आली. त्यापुढच्या आवृत्त्यांना विंडोज १० किंवा त्यानंतरचे विंडोज लागते.

विंडोज ७ च्या यंत्रावर ११५ बसते आणि चालते. परंतु खालचे विंडोज आणि वरचा प्रोग्राम दोन्ही जुने झालेले असल्यामुळे, त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत आणि अनोळखी जोडपत्र उघडू नये.

याहून चांगला एक मार्ग आहे. २००८-०९ नंतरच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये ६४ बिटचा प्रोसेसर असतो. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली बसविता येते. तिची एक्सएफसीई ही आवृत्ती हलकी आहे. २ जीबी रॅमवर ती चालते आणि ४ जीबीवर सुखाने चालते. थंडरबर्ड तिच्यात आधीच बसविलेला असतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही वेळोवेळी येतात. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता, ती आधी चालवून पाहता येते. प्रिंटर चालतो की नाही हेही तेव्हाच तपासावे. अडचण एवढीच की टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. म्हणून ज्या यंत्रावर हिशेब आहे ते तसेच ठेवावे आणि कोपऱ्यातले दुसरे यंत्र मेलसाठी काढावे.

प्रोग्राम उतरविताना थंडरबर्ड डॉट नेट या मूळ ठिकाणाहूनच उतरवावा. गुगलवर शोधले की वर जाहिराती येतात आणि त्यांतून भलतेच सामान यंत्रात शिरते.

आयमॅप की पॉप?

खाते जोडताना प्रोग्राम विचारतो, आयमॅप हवे की पॉप-३? येथे पुष्कळ लोक अडतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पॉप म्हणजे टपालपेटीतून पत्रे काढून घरी आणणे. प्रोग्राममध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण नसेल, तर तिकडची पत्रे पुसली जातात आणि मोबाईलवरही दिसेनाशी होतात. शिवाय स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडलेली पत्रे पॉपने खाली येतच नाहीत. एखादी खरी नोटीस चुकून तेथे पडली, तर दुकानात ती कधीच दिसणार नाही.

आयमॅप म्हणजे पेटी तिकडेच राहते आणि तिचे आरशातले प्रतिबिंब आपल्या यंत्रात दिसते. मोबाईलवर वाचलेले पत्र कॉम्प्युटरवरही वाचलेले दिसते आणि सर्व फोल्डर दिसतात. परंतु आरसा दोन्हीकडून सारखाच, हे ध्यानात ठेवावे. येथे पुसले की तेथेही पुसले जाते. दुकानातल्या पोराने सफाई म्हणून शंभर पत्रे उडविली, तर ती सर्वत्र उडतात.

आमचा सल्ला असा की आयमॅप निवडावा, आणि नक्कल वेगळी ठेवावी. नकलेची रीत पुढे दिली आहे.

पासवर्डची गाठ

जुने माहितगार येथेच फसतात. ते पूर्वीसारखे ई-मेल आणि पासवर्ड भरतात, दोन्ही बरोबर असतात, तरी प्रोग्राम ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणतो. कारण ३० मे २०२२ पासून गुगलने, केवळ नाव आणि पासवर्ड विचारणाऱ्या प्रोग्रामना जीमेलचे वैयक्तिक खाते उघडून देणे बंद केले. हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून तोच नियम केला.

आता दोन रस्ते आहेत. पहिला ‘ओऑथ-२’ या नावाचा. त्यात थंडरबर्ड स्वतः पासवर्ड घेत नाही. गुगलची खिडकी उघडतो, आपण गुगललाच पासवर्ड देतो, आणि गुगल प्रोग्रामला एक परवाना देते. तो परवाना आपण केव्हाही परत घेऊ शकतो. हाच रस्ता चांगला.

दुसरा रस्ता ‘ॲप पासवर्ड’चा. ज्या प्रोग्रामला ओऑथ येत नाही त्याच्यासाठी गुगल १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड देते. त्यासाठी खात्याला आधी दोन टप्प्यांची पडताळणी लावावी लागते. मुख्य पासवर्ड बदलला की हे ॲप पासवर्ड रद्द होतात, म्हणून मेल अचानक थांबला तर आधी तेच तपासावे.

दोन टप्प्यांची पडताळणी प्रत्येकानेच लावावी. नंबर मात्र मालकाचा असावा, नोकराचा किंवा फॉर्म भरणाऱ्याचा नको. गुगल आठ आकड्यांचे दहा राखीव कोड देते. ते कागदावर छापून दुकानाच्या कागदपत्रांबरोबर तिजोरीत ठेवावेत. मोबाईल हरवला त्या दिवशी हाच कागद खाते उघडतो.

बसविण्याची रीत

आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे बदलतात, पण क्रम हाच असतो.

१. तारीख-वेळ बरोबर करावी, मग थंडरबर्ड बसवून सुरू करावे.

२. तो नाव, ई-मेल आणि पासवर्ड विचारतो. नावाच्या जागी दुकानाचे नाव लिहावे, कारण समोरच्याला तेच दिसते.

३. ‘कंटिन्यू’ दाबावे. जीमेलसारख्या मोठ्या सेवेचे बारकावे तो स्वतः शोधतो. तेथे आयमॅप निवडावे.

४. शोध लागला नाही तर हाताने भरावे. जीमेलसाठी येणाऱ्या मेलचा सर्व्हर ‘आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम’, पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल-टीएलएस. जाणाऱ्या मेलचा सर्व्हर ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’, पोर्ट ४६५, सुरक्षा तीच. ४६५ चालत नसेल तर ५८७ आणि ‘स्टार्ट-टीएलएस’. दोन्हीकडे ओळखीची पद्धत ओऑथ-२. ही नावे भरताना अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावीत.

५. गुगलची खिडकी उघडेल. तेथे पासवर्ड द्यावा, मोबाईलवर आलेली पडताळणी करावी आणि ‘अलाऊ’ म्हणावे.

६. स्वतःच्याच पत्त्यावर एक पत्र पाठवून पाहावे. गेले आणि आले, म्हणजे दोन्ही दिशा चालू आहेत. येते पण जात नाही, असे असेल तर दोष जाणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीत आहे.

७. शेवटी ‘सिग्नेचर’मध्ये दुकानाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि जीएसटी नंबर लिहून ठेवावा. आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. बीड जिल्ह्यात आष्टी तालुकाच आहे. ‘जिल्हा वर्धा’ लिहिले नाही तर पार्सल भलतीकडे जायला वेळ लागत नाही.

यंत्रावरचा भार हलका करावा

जुने यंत्र मेलने दबू नये म्हणून काही निवडी कराव्यात. खात्याच्या ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोअरेज’ या भागात किती दिवसांची पत्रे यंत्रात उतरवावीत हे ठरविता येते आणि ठरावीक आकारापेक्षा मोठी पत्रे नको असेही सांगता येते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याने ही खूण जरूर लावावी.

जीमेलचे ‘ऑल मेल’ हे फोल्डर सर्व पत्रांची दुसरी प्रत उतरविते. खात्यावर उजवे बटण दाबून ‘सबस्क्राइब’मध्ये त्याची खूण काढावी. पुसलेल्या पत्रांची जागा मोकळी होण्यासाठी अधूनमधून ‘कॉम्पॅक्ट’ करावे.

गुगलची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपची नक्कलही आता त्यातच मोजली जाते. लग्नाच्या फोटोंनी जागा भरली, तर व्यापाऱ्याचे बिल आणि सरकारची नोटीस दारातून परत जाते. म्हणून दुकानाचे खाते वेगळे ठेवावे आणि फोनचे फोटो त्यात जाऊ देऊ नयेत. कापडाच्या नमुन्याचे फोटो पाठविताना ते लहान करून पाठवावेत. जीमेलमधून एका पत्राबरोबर २५ एमबीपर्यंतच जाते.

प्रत्येक पुरवठादाराचे वेगळे फोल्डर करावे. ‘मेसेज फिल्टर्स’मध्ये एकदा सांगून ठेवले, की सुरतेची पत्रे सुरतेच्या आणि नागपूरची नागपूरच्या फोल्डरमध्ये आपोआप पडतात. आठवड्यातून एकदा स्पॅमवर नजर टाकावी.

मराठी आणि उर्दू अक्षरे

जुन्या यंत्रात मराठीचे जुने फॉन्ट असतात. त्यांत लिहिलेला मजकूर मेलमध्ये चिकटविला की समोरच्याला निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. मेलमध्ये युनिकोड मराठीच वापरावी. तिचा कळफलक विंडोज आणि लिनक्स दोन्हींत असतो. उर्दूचेही तेच. जुन्या इनपेजमध्ये तयार केलेली फाइल ज्याच्याकडे इनपेज नाही त्याला उघडत नाही. म्हणून जाहिरात किंवा पत्रक पीडीएफ करून पाठवावे आणि पत्राचा मजकूर युनिकोडमध्ये लिहावा. थंडरबर्डमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय आहे.

फसवणुकीपासून खबरदारी

व्यापाऱ्याला सर्वांत महाग पडणारी फसवणूक साधी असते. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने पत्र येते, की आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे या खात्यात भरा. पत्रावर त्याचेच चिन्ह असते, बिलाचा नंबरही खरा असू शकतो, कारण ठगाने कोणाची तरी मेलपेटी आधीच उघडलेली असते. अशा वेळी पत्रातल्या नंबरवर नव्हे, तर आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून, माणसाचा आवाज ओळखून मगच पैसे पाठवावेत. पाठविणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो. नावामागचा पूर्ण पत्ता अक्षर अन् अक्षर वाचावा.

‘जीएसटीची नोटीस’ म्हणून आलेल्या पत्रातील दुवा दाबू नये. पोर्टल स्वतः उघडून ‘नोटिसेस अँड ऑर्डर्स’ आणि ‘ॲडिशनल नोटिसेस’ ही दोन्ही पाने पाहावीत. नोटीस खरी असेल तर ती तेथे असते. बिल म्हणून आलेली फाइल ‘ईएक्सई’वर संपत असेल तर उघडूच नये. विंडोज शेवटची अक्षरे लपविते, म्हणून ती दाखविण्याची खूण लावून घ्यावी. पैसे गेलेच तर वेळ न घालविता १९३० या नंबरवर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम अडविण्याची आशा कमी.

नक्कल ही शेवटची तार

आयमॅप हा आरसा आहे, नक्कल नव्हे, हे वर सांगितले. म्हणून वर्ष संपले की त्या वर्षाची पत्रे ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ‘कॉपी’ करावीत. ‘मूव्ह’ करू नयेत. लोकल फोल्डर्समधील पत्रे फक्त आपल्या यंत्रात असतात आणि सर्व्हरवर काही झाले तरी राहतात.

मग महिन्यातून एकदा सर्व फोल्डरांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. ‘हेल्प’मधील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडले की ‘प्रोफाइल फोल्डर’ दिसतो. तो कोठे आहे ते पाहून थंडरबर्ड बंद करावे आणि पूर्ण फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर ठेवावा. एक अडचण येते. एफएटी-३२ रीतीचा पेन ड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल घेत नाही आणि मेलची एक फाइल तेवढी होऊ शकते. त्यासाठी ड्राइव्ह एक्स-एफएटी करून घ्यावा. ड्राइव्ह दोन असावेत, एक दुकानात आणि एक घरी. त्या फोल्डरमध्ये खात्याचा परवानाही असतो, म्हणून थंडरबर्डमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावावा आणि ड्राइव्ह रोकडीसारखा जपावा.

हे सर्व काम दोन संध्याकाळी होण्यासारखे आहे. घरात दहावी-बारावीची मुले-मुली असतील तर त्यांना बरोबर बसवावे. त्यांचा हात चालेल आणि धंद्याचे कागद काय असतात हेही त्यांना कळेल. कर सल्लागाराला मेलची प्रत जरूर पाठवावी, त्याचा सल्ला घ्यावा, त्याची फी वेळेवर द्यावी. पण दुकानाचे शटर उघडण्यासाठी आपण किल्ली दुसऱ्याच्या घरून मागवीत नाही. मेलची किल्लीही आपल्याच खिशात असावी. या आठवड्यात एवढे तरी करावे, की पोर्टल उघडून तेथे कोणाचा पत्ता आणि कोणाचा नंबर लिहिला आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.